किती वाजले ते न सांगणारं घड्याळ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसांना चित्रातलं काही कळत नाही, असं म्हणायची एक पद्धत आहे. पुण्या-मुंबईकडचे मित्र तसं म्हणतात (थोडं हळू आवाजात), आणि आमच्याकडची माणसं स्वतःच तसं म्हणतात (चांगलं मोठ्यानं). "आमाले काय समजते त्यातलं!" एवढं म्हटलं की विषय संपतो. त्यातून चित्र मॉडर्न असेल, म्हणजे वस्तू ओळखू तर येते पण जिथे असायला हवी तिथे नाही, जशी असायला हवी तशी नाही, असलं काही असेल, तर मग बोलायलाच नको.

मला हे पटत नाही. मांडून ठेवलेल्या रोजच्या वस्तूंकडे टक लावून बघायचं आणि त्यांचा अर्थ लावायचा, ही सवय आमच्या जिल्ह्याइतकी जुनी आणि आमच्या जिल्ह्याइतकी गंभीरपणे जपलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्या सवयीचा आणि प्रभाकर बरवे यांच्या घड्याळाच्या चित्रांचा काहीतरी संबंध आहे, असं गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घोळतंय. आज ते लिहून काढतो. जरा लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी सवयीबद्दल.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे, पूर्णेच्या खोऱ्यातलं. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असं परंपरा सांगते, आणि आजही वाघ घराण्यातली माणसंच ती करतात. शेतात एक गोल आखायचा. गोलाच्या कडेनं अठरा प्रकारची धान्यं मांडायची: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडी, बाजरी, भादली, मसूर, सरकी वगैरे. मधोमध खड्डा. खड्ड्यात मातीची चार ढेकळं, ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, भजं, वडा, करंजी. शिवाय पानविडा. मांडणी झाली की सगळे घरी जातात. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे येऊन बघायचं की काय जागचं हललं, काय ओलं झालं, काय नाहीसं झालं. त्यावरून वर्षाचं भाकीत. ते ऐकायला खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड असे सगळीकडून शेतकरी येतात.

इथे प्रत्येक वस्तूचा अर्थ ठरलेला आहे. चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. जे ढेकूळ जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त. पान म्हणजे राजा. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे तिजोरी. भादली म्हणजे रोगराई. आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि वावरातल्या वस्तू एका रात्रीसाठी आपलं रोजचं काम सोडतात आणि दुसरंच काहीतरी होतात. पुरी खायची राहत नाही.

भाकितं खरी ठरतात का, हा माझा आजचा विषय नाही. हवामानाचा अंदाज म्हणून याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, विवेकवादी मंडळींनी त्यावर वारंवार प्रश्न विचारले आहेत, आणि माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. पण एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागते. भेंडवळला येणारा शेतकरी पापडाकडे बघून "हा तर नुसता पापड आहे" असं म्हणत नाही. वस्तू स्वतःपलीकडे काही असू शकते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मॉडर्न चित्रासमोर उभं राहायला जी पहिली अट लागते, ती त्यानं जन्मापासून पुरी केलेली आहे.

आता त्या गोलाकडे पुन्हा एकदा बघा. कडेनं खुणा, मधे केंद्र, आणि त्यातून येणाऱ्या बारा महिन्यांची वार्ता. ही एक तबकडीच आहे. आमच्या भागातलं कदाचित सगळ्यात जुनं चालू घड्याळ.

*

दुसरं घड्याळ, म्हणजे खरंखुरं काट्यांचं, आमच्याकडे आलं ते कापसासाठी.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमची काळी माती आठवली. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे त्याच दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव असं करत वऱ्हाडातून गेली. १८६७ साली ती नागपूरला पोचली. खामगाव ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडलेली. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत साधारण १३ किलोमीटरचा एक फाटा काढला. १८७० साली त्याचं उद्घाटन करायला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. १३ किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! यावरून कापसाची किंमत कळावी. आमच्या माणसांची किती होती, ते जाऊ द्या.

गाडी आली की तिच्यामागून वेळापत्रक येतं. वेळापत्रक आलं की घड्याळ येतं. आणि घड्याळ आलं की प्रश्न येतो, वेळ कुणाची? त्या काळी प्रत्येक गावाचा दुपारचा बारा हा त्या गावच्या सूर्याचा बारा होता. रेल्वेला ते परवडणारं नव्हतं. देशभरच्या रेल्वेनं हळूहळू मद्रासची वेळ धरली. मद्रास आमच्या पूर्वेला. रेखांशाचा हिशोब मांडला तर तिथला सूर्य खामगावच्या सूर्याच्या साधारण पंधरा मिनिटं पुढे असतो. म्हणजे स्टेशनात बारा वाजले तरी सराफ्यात आणि कापसाच्या यार्डात सूर्य अजून डोक्यावर यायचाच असे.

१९०६ साली सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली, साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. आजही खामगावात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या मनगटावर सरासरी बारा वाजून चोवीस मिनिटं झालेली असतात. (ऋतूप्रमाणे त्यात पाव तासापर्यंत मागंपुढं होतं. करून बघा, अंगणात एक काठी उभी रोवा आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते टिपा. पोरांना सुट्टीत चांगला उद्योग आहे.) ही चोवीस मिनिटं आपण रोज उसनी देतो आणि कधी परत मागत नाही.

मुंबईकरांनी मात्र मागितली होती. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसननं सरकारी कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादली, तेव्हा शहरात एवढा विरोध झाला की दोन वर्षांत त्याला माघार घ्यावी लागली. १९०६च्या जानेवारीत नव्या प्रमाणवेळेविरुद्ध गिरणी कामगारांनी काम नाकारलं, दगडफेकही केली. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होता, आणि शहरातली काही घड्याळं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीच वेळ दाखवत राहिली. कामगारांना खगोलशास्त्राचं प्रेम होतं असं नाही. आपल्या पहाटेचा तुकडा कुणीतरी कापून घेतोय, हे त्यांना कळलं होतं.

आमच्याकडे दगड उचलल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. जिनिंगचा भोंगा वाजला की उठायचं, एवढं आम्ही निमूट शिकलो. आजोबांच्या तोंडी 'सात वाजले' नसे, 'पहिला भोंगा झाला' असे.

आणि घड्याळांवरून वाद काय फक्त माणसांचेच असतात? आमच्या लोणारच्या विवराचं घ्या. उल्का आदळून साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला, हे नक्की. पण कधी? एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, आणि पुढे आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. खड्डा तोच, दगड तेच, फक्त घड्याळ बदललं. वस्तू समोर धडधडीत दिसत असते आणि तरी ती आपली वेळ सांगत नाही, याचं यापेक्षा मोठं उदाहरण जिल्ह्यात दुसरं नाही.

*

आता बरवे.

प्रभाकर बरव्यांचा जन्म १९३६ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांच्या नात्यातले. जे. जे.मध्ये शिकले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कापडासाठी नवे नमुने करून देणारी ही सरकारी संस्था. बरव्यांनी सुमारे दोन दशकं तिथे काम केलं. सुरुवातीची काही वर्षं ते बनारसला होते. तिथे त्यांचा तंत्रकलेशी, तिच्यातल्या आकृत्यांशी परिचय झाला, आणि साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत तो उघड दिसतो. पण ते तिथे अडकून पडले नाहीत. सत्तरच्या दशकात ते साध्या, रोजच्या वस्तूंकडे आले. घड्याळ, किल्ली, पिन, छत्री, झाडाचं पान, शंख. १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये मौजेनं त्यांचं 'कोरा कॅनव्हास' काढलं. चित्रकारानं स्वतःच्या विचारप्रक्रियेबद्दल मराठीत इतकं सावकाश, इतकं नेमकं लिहिल्याची उदाहरणं फार नाहीत. १९९५ साली ते गेले. साठीही पुरी झाली नव्हती.

आमच्या शेजारचा, अकोल्यात १९२२ साली जन्मलेला अंबादास हाही मोठा चित्रकार. तो वस्तू पूर्ण सोडून नुसत्या रंगाच्या प्रवाहात गेला आणि पुढे नॉर्वेत जाऊन राहिला. अंबादासच्या चित्रासमोर "हे काय आहे?" हा प्रश्न दोन मिनिटांत थकतो आणि गळून पडतो. बरव्यांच्या चित्रासमोर तो थकत नाही, कारण उत्तर अर्धं आलेलं असतं. घड्याळ आहे. मग पुढे काय?

घड्याळ बरव्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतं. एखाददुसऱ्या चित्राचं वर्णन करत बसण्यापेक्षा, त्या सगळ्या चित्रांत मला जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, रंग. बरवे कॅनव्हासवर एनॅमल वापरत. म्हणजे दुकानांच्या पाट्या, पत्र्याच्या ट्रंका, लोखंडी खुर्च्या रंगवतात तो डब्यातला रंग. तैलरंगासारखे ब्रशचे उंचवटे त्यात राहत नाहीत. तो पसरतो, सपाट होतो, चकाकतो. चित्रकाराचा हात कुठून कुठे गेला, ते कळत नाही. कडा स्वच्छ, पाटीवरच्या अक्षरासारख्या. मी लहानपणी बसस्टँडवर पेंटरला तासन्‌तास पाटी रंगवताना पाहिलं आहे, त्यामुळे हा रंग मला परका वाटला नाही. फरक एवढाच की पाटी कशाची तरी असते. किराणा, सायकल दुरुस्ती, बीज भांडार. बरव्यांच्या चित्रात पाटी आहे आणि मागे दुकान नाही.

दुसरी गोष्ट, जागा. घड्याळ भिंतीवर नसतं, मनगटावर नसतं, टेबलावर नसतं. मोकळ्या, रिकाम्या पृष्ठभागावर असतं. त्याला खिळा नाही. घर नाही, स्टेशन नाही, शाळा नाही. ज्या ज्या जागी घड्याळ आपल्याला हुकूम सोडतं, ती प्रत्येक जागा काढून घेतलेली आहे.

तिसरी गोष्ट, शेजार. घड्याळाजवळ एखादी अशी वस्तू येते जिचा वेळेशी संबंध नाही. पान असेल, शंख असेल. मोठी वस्तू लहान होते, लहान मोठी. मग काही वेळानं (आणि हा वेळ लागतोच) आपलं लक्ष नावांवरून उडतं. पानाची मधली शीर आणि घड्याळाचा काटा यांच्यात काही नातं आहे का? शंखाचं वेटोळं आणि तबकडीचा गोल यांच्यात? वस्तूंची कामं वेगळी, पण आकार एकमेकांना ओळखतात. नेहमीच्या आयुष्यात त्यांची कधी गाठ पडली नसती.

*

मग याचा अर्थ काय?

एक तयार उत्तर आहे आणि ते मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं आहे. घड्याळ म्हणजे काळ, काळ म्हणजे मृत्यू, पान म्हणजे निसर्ग, तर चित्राचा विषय माणसाची नश्वरता. ऐकायला भारदस्त वाटतं. पण ही भेंडवळचीच रीत झाली ना? पान म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी, घड्याळ म्हणजे मृत्यू. भेंडवळला ती रीत शोभते, कारण तिथे अर्थ आधी ठरलेत आणि वस्तू मागून मांडल्यात. बरव्यांनी उलट केलं. वस्तू मांडली आणि तिच्याशी जोडलेली खूण सोडवून टाकली. आपण घाईघाईनं ती परत बांधायला जातो, कारण सुटी वस्तू आपल्याला सहन होत नाही.

या घाईची एक प्रसिद्ध गोष्ट युरोपात घडली आहे. व्हॅन गॉगनं १८८६ साली पॅरिसमध्ये जुन्या बुटांच्या जोडीचं चित्र काढलं. पन्नासेक वर्षांनी हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं कलाकृतीवरच्या आपल्या व्याख्यानात अशा बुटांवर फार सुंदर विवेचन केलं. त्याला त्यात शेतकरीण बाई दिसली. तिचं ओल्या मातीतलं चालणं, तिची भाकरीची काळजी, सगळं दिसलं. १९६८ साली मेयर शपिरो या कला-इतिहासकारानं शांतपणे विचारलं, बाई कुठून आली? त्याच्या मते ते बूट शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे होते. पुढे दहा वर्षांनी देरिदा आला आणि म्हणाला की बूट कुणाचे हे ठरवायची तुम्हा दोघांना एवढी निकड का? वाद अजून संपलेला नाही. बूट तिथेच आहेत, कुणाच्याच पायात नाहीत.

मी कापसाच्या मुलखातला, शेतकऱ्यांच्या घरातला. मला बरव्यांच्या घड्याळात खामगावचं स्टेशन दिसणं अगदी सोपं आहे. त्यात भर म्हणजे बरवे कापडाच्या खात्यात नोकरीला, म्हणजे कापूस आलाच! १८७० पासून घड्याळ आमच्यावर चालवलेला हुकूम, आणि बरव्यांनी तो हुकूम काढून घेतला. छान जुळतं. इतकं छान जुळतं की मला त्याची भीती वाटते.

इथे मला मामाची आठवण येते. जळगाव जामोद तालुक्यात त्याची कोरडवाहू शेती. तो दरवर्षी भेंडवळचं भाकीत ऐकायचा. नक्षत्रांचं पंचांग बघायचा, मृगाचं वाहन कोणतं ते बघायचा. रेडिओवरचा अंदाज ऐकायचा, अलीकडे फोनवरचाही बघायला लागला होता. पण तिफण वावरात घालायच्या आधी तो खाली बसायचा आणि मातीत मनगटापर्यंत हात खुपसायचा. म्हणायचा, "आयकाचं सगयाचं. पन पेराचं आपल्या वावरातली वल पाहून." आणि एवढं करूनही एका वर्षी पहिल्या पावसावर पेरलं, ओल चांगली होती, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. कोंब करपले. दुबार पेरणी, दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा उसनवारी. त्या वर्षी मामेबहिणीचं लग्न पुढे ढकललं. दोष कुणाचाच नव्हता, पावसाचाही नाही. कोरडवाहू माणसासाठी "किती वाजले?" या प्रश्नाचा अर्थ "आता पेरू का?" एवढाच असतो. त्याचं उत्तर कुठल्याच तबकडीवर नसतं. चुकलं की त्याची किंमत वर्षभर मोजावी लागते.

चित्राचा अर्थ लावताना कुणाचं बियाणं जात नाही, हे खरं. पण मामाची रीत तिथेही चालते. ऐकायचं सगळ्यांचं: जाणकारांचं, हायडेगरचं, स्वतःच्या आठवणींचंसुद्धा. मग चित्रात हात घालून बघायचं, तिथे ओल आहे का? बरव्यांच्या घड्याळात रिकामी जागा आहे. खिळ्याचा अभाव आहे. हात लपवणारा चकचकीत रंग आहे. पानाशी आणि शंखाशी जुळणारा आकार आहे. ही सगळी ओल चित्रातली. स्टेशन, कापूस, लॉर्ड मेयो, हे माझ्या वावरातलं आहे. ते मी चित्राजवळ घेऊन जाऊ शकतो, त्यामुळे माझं बघणं खोल होतं. पण ते चित्रात आहे असं म्हणायचा मला हक्क नाही.

२०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झालं. त्याच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. संग्रहालयाची स्थानिक सल्लागार समिती बंद झाल्याबद्दल ते टीका करू लागले, तेव्हा मंचावरच्या मंडळींनी त्यांना वारंवार थांबवून बरव्यांबद्दलच बोला असं सुचवलं. वर्तमानपत्रांत ते बरंच गाजलं. मला त्यातली विसंगती अजून बोचते. ज्या चित्रकारानं आयुष्यभर वस्तूंना त्यांच्या नेमून दिलेल्या कामातून मोकळं केलं, त्याच्या चित्रांच्या दारात वक्त्याला नेमून दिलेल्या कामापलीकडे बोलू नका असं सांगितलं गेलं. अर्थ कुणी लावायचा आणि कुठवर लावायचा, हा प्रश्न दिवाणखान्यातला नाही. तो सार्वजनिक आहे. १९०६ साली गिरणी कामगारांनी विचारला होता तो आणि हा, मला एकाच घराण्यातले वाटतात.

त्या प्रदर्शनानंतरच्या दिवाळीत मी बरव्यांच्या चित्रांचं एक पुस्तक घेऊन मामाकडे गेलो होतो. मामीनं घड्याळाच्या चित्रावर बोट ठेवलं. "घड्याय हाय का थे? मंग वाजले किती?" आम्ही सगळे हसलो. मामा हसला नाही. त्यानं पुस्तक जवळ ओढलं, चष्मा लावला, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आभायासारखं हाय थे. दिसते सगयं, सांगत कायीच नाही."

त्यापुढे मी काय बोलणार? बरव्यांवर मी जेवढं वाचलं आहे त्यात इतकं नेमकं वाक्य मला आढळलेलं नाही. आणि ज्याला आभाळाकडे बघत बसायची आयुष्यभराची सवय आहे, तोच हे बोलू शकतो. त्याच्यासाठी न सांगणारी वस्तू ही चित्रकाराची गंमत नव्हती. ती त्याची रोजची ओळखीची होती. मामा पुढच्याच वर्षी गेला.

तेव्हापासून भेंडवळच्या मांडणीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग बदलला आहे. पूर्वी मला वाटायचं, सगळा रस पहाटेत आहे, भाकितात आहे. आता वाटतं तो मधल्या रात्रीत आहे. संध्याकाळी माणसं मांडणी करून निघून जातात. पहाटे येऊन अर्थ लावतात. पण मधले काही तास अठरा धान्यं, चार ढेकळं, घागर, पुरी आणि पान शेतात एकटे असतात. त्या वेळी पान राजा नसतं आणि पान विड्याचंही नसतं. वारा येतो, मुंग्या येतात, दव पडतं. कुणी बघत नाही, म्हणून कुणी काही ठरवतही नाही.

ती रात्र आपल्याला कधी बघायला मिळत नाही. नियमच तसा आहे. बरव्यांनी, मला वाटतं, तेवढीच रात्र रंगवली. मांडणी झालेली आहे, भाकीत अजून व्हायचंय. आपण चित्रासमोर उभे राहतो तेव्हा तिथे थोडा वेळ थांबायची मुभा मिळते. लगेच पहाट करायची गरज नसते.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, पुढच्या वेळी असलं चित्र समोर आलं तर "आमाले काय समजते" असं म्हणू नका. तुम्हाला बरंच समजतं. फक्त पाच मिनिटं काही ठरवू नका. मग हात घालून ओल बघा.